टॉप नेमका कुठे?

पाऊस उघडला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. जून ते सप्टेंबर गाडी गंजली, ब्रेक धरत नाही, प्लगमध्ये पाणी गेलं, अशा तक्रारी असतात. ऑक्टोबरात ताडपत्रीखालच्या जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि मग सगळे टायमिंगवर, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते यावर, येतात. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं तीच आहेत. त्यातलं पहिलं तर माझी चूक दाखवणारंच आहे, तेव्हा सुरुवात त्यानंच करू.

सर, मागच्या अंकात तुम्ही प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडून पिस्टन टॉपला (अगदी वरच्या टोकाला) आला की कळतं, असं लिहिलं होतं. मी तसाच टॉप शोधला, कागदावर छापलेली डिग्रीची चकती क्रँकला लावली आणि माझ्या राजदूत ३५०चं टायमिंग टॉपच्या आधी २० अंशांवर बसवलं. गाडी पहिल्यापेक्षा वाईट झाली. किक उलटी मारते, चढाला इंजिन टिकटिक वाजतं. डाव्या सिलिंडरचा प्लग पांढराफटक, उजव्याचा मात्र चॉकलेटी. आधीच्या मिस्त्रींनी क्रँकबरोबर फिरणाऱ्या रोटरवरची खूण बघून टायमिंग लावलं होतं, त्या खुणेवर विश्वास नव्हता म्हणून तर चकती घेतली. चूक चकतीची की माझी? — एक वाचक, सातारा

चकतीची नाही, आणि पूर्ण तुमचीही नाही. मागचा अंक काढून मी माझंच उत्तर परत वाचलं. तिथे प्रश्न होता, बरीच वर्षं बंद पडलेल्या गाडीत पिस्टन जाम झालाय की हलतोय, ते हेड न उघडता कसं बघायचं. त्याला स्पोक पुरतो. पण लिहिण्याच्या भरात मी ‘टॉपही कळतो’ असं लिहून गेलो आणि तुम्ही त्या टॉपवर शून्य धरलंत. आयटीआयत सत्तावीस वर्षं पोरांना जे करू नका म्हणून सांगितलं, तेच मी छापून दिलं. माफ करा.

आता हे का चुकतं ते आकड्यांत बघा. तुमची राजदूत म्हणजे यामाहाची आरडी ३५०. इथे ती एस्कॉर्ट्सनं १९८३पासून बनवली. बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. म्हणजे क्रँकपिन क्रँकच्या मध्यापासून २७ मिलिमीटरवर आहे. कनेक्टिंग रॉड मध्यापासून मध्यापर्यंत ११०. एवढं माहीत असलं की क्रँकच्या कुठल्याही अंशाला पिस्टन किती खाली असेल ते दहावीच्या भूमितीत निघतं. टॉपच्या एक अंश आधी पिस्टन फक्त ५ मायक्रॉन (०.००५ मिलिमीटर) खाली असतो. तीन अंश आधी ४६ मायक्रॉन, चार अंशांवर ०.०८ मिलिमीटर. म्हणजे टॉपच्या अलीकडे चार आणि पलीकडे चार असे आठ अंश क्रँक फिरते, आणि तुमच्या बोटाखालचा स्पोक जागचा हललेला वाटत नाही. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबल्यासारखा वाटतो ना, तसं. तो नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही.

तुमचं शून्य चार अंश चुकलं असेल, तर २० वर लावलेलं टायमिंग प्रत्यक्षात २४ वर बसतं. यामाहाच्या आरडीला टायमिंग टॉपच्या २.० मिलिमीटर आधी सांगितलेलं आहे, ते अंशांत १९.९ येतं, तुम्ही २० धरलेत ते बरोबरच. पण २४ अंश म्हणजे जवळजवळ २.९ मिलिमीटर. ठिणगी एवढी लवकर पडल्यावर, म्हणजे एवढं ॲडव्हान्स झाल्यावर, किक उलटी मारणार नाही तर काय करणार? टिकटिक वाजतंय तोवर गाडी घाटात घालू नका. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

तर टॉप शोधायचा कसा? शोधायचाच नाही. पिस्टनला टॉपच्या बऱ्याच खाली अडवायचं, दोन्ही बाजूंनी, आणि मधोमध काय येतं ते बघायचं.

एक जुना, निकामी प्लग घ्या. तुमच्या गाडीचाच, म्हणजे १४ मिलिमीटर आट्यांचा आणि साडेबारा-तेरा मिलिमीटर लांबीचा. लांब आट्यांचा घेऊ नका. त्यातलं चिनीमातीचं फोडून काढा, लेथवाल्याकडून आत आटे पाडून घ्या आणि त्यात ८ मिलिमीटरचा बोल्ट बसवा. बोल्टचं खालचं टोक घासून गोल करा, जमलं तर पितळेचाच बोल्ट घ्या. याला आम्ही ‘अडवणी’ म्हणतो. दुकानात याच नावानं मागू नका, दुकानदाराला कळणार नाही.

दोन्ही प्लग काढा, म्हणजे क्रँक हातानं हलकी फिरेल. पॉइंट म्हणजे उघडताक्षणी ठिणगी पाडणारा छोटा स्विच. त्याला ढकलणाऱ्या कॅमचा बोल्ट काढून त्याच आट्यांचा लांब बोल्ट लावा, मध्ये नळीचा तुकडा आणि बाहेर चकती. काटा कशाचा करायचा? त्या स्पोकचाच. टोक घासून धारदार करा, दुसऱ्या टोकाला वेटोळं करून केसच्या स्क्रूखाली आवळा आणि टोक चकतीच्या अगदी जवळ आणा, पण चिकटू देऊ नका. चकती आणि काटा यांत फट जास्त राहिली की डोळा जरा इकडे-तिकडे झाला तरी एक अंश फरक पडतो. क्रँक कुठल्या दिशेनं फिरते ते माहीत नसेल तर किक हातानं हळूच दाबून बघा आणि चकतीवर बाण काढून ठेवा. अर्धे घोटाळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची अदलाबदल झाल्यानं होतात.

अंदाजानं टॉपला आणून काट्यासमोर शून्य धरा. आता पिस्टन थोडा खाली घेऊन डाव्या सिलिंडरमध्ये अडवणी बसवा. पान्यानं क्रँक हळूहळू पुढे फिरवा. पिस्टन बोल्टला टेकल्याचं हाताला लगेच कळतं. आवाज येत नाही, पाना नुसता थांबतो. तिथेच थांबा, जोर लावू नका. समजा चकतीवर ४३ आले. आता उलटं फिरवा, पिस्टन खाली जाऊन दुसऱ्या बाजूनं वर येईल आणि पुन्हा टेकेल. समजा ४९ आले. दोन्हींची बेरीज ९२, निम्मे ४६. दोन्हीकडे ४६ यायला हवेत, म्हणजे तुमचं शून्य तीन अंश हुकलेलं आहे. काटा तीन अंश सरकवा (की चकती सैल करून सरकवा, कसंही) आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी टेकवून बघा. दोन्हीकडे सारखा आकडा आला की शून्य हाच खरा टॉप. पिस्टन तिथे नेऊन बघायचीही गरज नाही.

यात खुबी अशी आहे: पिस्टन टॉपच्या दहा मिलिमीटर खाली अडवला तर क्रँक टॉपपासून सुमारे ४६ अंशांवर असते, आणि तिथे एका अंशाला पिस्टन ०.४ मिलिमीटर सरकतो. टॉपजवळ एका अंशाला ५ मायक्रॉन आणि इथे चारशे. ऐंशीपट! म्हणून अडवणीवरचा आकडा चुकायचा म्हटलं तरी फारसा चुकत नाही.

एक इशारा. अडवणी आत असताना किकला कुणालाही पाय लावू देऊ नका. आमच्या वर्कशॉपमध्ये एका पोरानं दुसऱ्याला दाखवायला म्हणून मारली. पिस्टनच्या डोक्यावर बोल्टच्या टोकाचा इतका सुबक खळगा पडला की नंतर पाच-सहा वर्षं मी तो पिस्टन ॲल्युमिनियम किती मऊ असतं हे दाखवायला वर्गात फिरवत होतो.

आता चकती पॉइंटच्या समोरच बसलीय, स्क्रू ड्रायव्हर आत जात नाही, हे तुम्हाला एव्हाना जाणवलं असेल. म्हणून चकतीवर टायमिंग लावायचंच नाही. चकतीवर खूण पक्की करायची. क्रँक टॉपच्या २० अंश आधी आणा, रोटरवर आणि केसवर समोरासमोर बारीक रेघ ओढा, ऑफिसातलं व्हाइटनर भरा. तुमच्या मिस्त्रींच्या जुन्या खुणेत आणि या रेघेत किती अंतर आहे तेही बघून ठेवा. रोटर दुसऱ्या इंजिनाचा असला किंवा खुणेचा काटा कधी वाकला असला तर जुनी खूण खोटं बोलते, तिला दोष देऊन उपयोग नाही. खुणा झाल्या की चकती काढा, मूळ बोल्ट परत लावा.

टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंटचा गॅप. पूर्ण उघडल्यावर ०.३ ते ०.४ मिलिमीटर. हा क्रम उलटा केला की सगळी मेहनत पाण्यात, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं.

पॉइंट कुठे उघडतो ते बघायला माझी पद्धत जुनी आहे, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. (मी ओढत नाही. पानपट्टीवाला रिकामी पाकिटं ठेवून देतो.) बोटभर रुंद पट्टी मिटलेल्या पॉइंटमध्ये धरा, अगदी हलका ताण द्या आणि क्रँक फिरण्याच्याच दिशेनं हळू फिरवत आणा. पट्टी घट्ट असते, घट्ट असते, आणि एका जागी बोटांतून सुळकन निसटते. त्या क्षणी दोन्ही रेघा समोरासमोर हव्यात. नंतर पट्टीचा चांदीचा कण पॉइंटवर राहिला नाही ना, ते कोऱ्या कागदानं पुसून घ्या. कागदावर विश्वास नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब, एक तार पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाला. चावी ऑन. पॉइंट मिटलेला असेपर्यंत बल्ब बंद, उघडताक्षणी पेटतो. फार वेळ चावी ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

आता डावं आणि उजवं. तुमच्या क्रँकवर दोन्ही पिना समोरासमोर, १८० अंशांवर आहेत. त्यामुळे डाव्याची खूण केली, क्रँक अर्धा फेरा फिरवली की उजव्याचं काम झालं, असं वाटतं. वाटू देऊ नका. ही क्रँक तुकड्यांची आहे, दाबून बसवलेली. कधी इंजिन जाम होऊन झटका बसला असेल किंवा क्रँक उघडून पुन्हा बसवताना जॉब नीट झाला नसेल, तर ती मधोमध एखाद-दोन अंश पिळलेली असते. चालते, आवाजही करत नाही. म्हणून अडवणी उजव्या सिलिंडरला लावून त्याचा टॉप वेगळा काढा. डाव्याच्या शून्यापासून बरोबर १८० आले तर उत्तम. १७८ आले तर उजव्याची खूण त्याच्या स्वतःच्या टॉपवरून मोजा, आणि पुढच्या इंजिन कामाच्या वेळी क्रँक तपासायची हे डायरीत लिहून ठेवा. पॉइंटचे दोन सेट आहेत, त्यातला एक मोठी प्लेट फिरवल्यावर हलतो आणि दुसऱ्याला स्वतःची छोटी प्लेट आहे. मोठ्या प्लेटवरचा आधी लावा. नाहीतर दुसरा लावताना पहिला हलणार आणि तुम्ही रविवारभर गोल-गोल फिरत बसणार.

हे सगळं करून डाव्याचं टायमिंग बरोबर निघालं आणि तरी प्लग पांढराच राहिला तर? मग टायमिंगचा नाद सोडा आणि डाव्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील बघा. त्या बाजूला रोटरची कोरडी जागा आहे. सील गेलं की इंजिन तिकडून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा होतो. उजवं सील गेलं तर उलट, क्लचच्या बाजूचं ऑइल आत जातं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. तुमच्या पत्रात धुराचा उल्लेख नाही, उजवा चॉकलेटी आहे, म्हणून मला डाव्या सीलचाही थोडा संशय आहे.

आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे डायल गेज (बारीक अंतर काट्यावर दाखवणारं माप) असेल तर या गाडीला चकती लागतही नाही. प्लगच्या भोकात गेज बसवा, सर्वांत वरच्या आकड्याला शून्य करा, २.० मिलिमीटर खाली या. इथे टॉप चार अंश चुकला तरी फरक पडतो ०.०८ मिलिमीटरचा, म्हणजे टायमिंगमध्ये अर्ध्या अंशापेक्षाही कमी. माहिती पुस्तकात अंशांऐवजी मिलिमीटर देतात त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. पण प्लगचं भोक तिरकं असलं की गेजचा आकडा खोटा येतो, आणि क्रँक पिळलीय की नाही हे गेज सांगत नाही. शिवाय चांगला गेज विकत घ्यावा लागतो, चकती रद्दीतून निघते.

सर, वडिलांची जुनी पॉइंटवाली बुलेट मीच चालवते आणि मीच बघते. क्रँकपर्यंत पोचायला क्लच केस उघडावी लागते म्हणून मी चकती पॉइंटच्या कॅमलाच लावली. हिशेबानं आठ अंश ॲडव्हान्स दिले. दुसऱ्याच दिवशी किकनं असा फटका दिला की घोटा सुजला. मोजण्यात चूक नाही, तीन वेळा मोजलं. — एक वाचक, नाशिक

ताई, आधी घोटा बरा होऊ द्या, बुलेट कुठे जात नाही.

मोजण्यात चूक नाहीच, चूक जागेत आहे. आरडीचे पॉइंट थेट क्रँकवर आहेत, बुलेटचे नाहीत. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते, म्हणून बुलेटच्या पॉइंटचा कॅम गिअरांमधून क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. कॅमवरचा एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन. तुम्ही आठ दिलेत, इंजिनाला सोळा मिळाले, आणि वरून चालू गाडीत ॲडव्हान्सची वजनं (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) आणखी उघडणार. कॅमवर मोजायचंच असेल तर निम्मे मोजा. पण मी म्हणेन नका मोजू. मधल्या गिअरांची ढिलाई त्यात धरली जात नाही आणि छोटी चूकही दुप्पट होते.

डावी क्लच केस काढायला तुम्ही घाबरलात, पण बुलेटचं ते काम सोपं आहे. बाहेरची केस फूटरेस्टजवळच्या एकाच नटावर धरलेली असते. खाली जुनं ताट ठेवा, ऑइल येईल. क्रँकच्या डाव्या टोकाच्या नटावर चकती बसवा आणि अडवणीनं टॉप काढा, वर राजदूतवाल्यांना सांगितलं तसंच. फक्त एक गोष्ट जास्त: बुलेटला दोन टॉप आहेत, कॉम्प्रेशनचा आणि एक्झॉस्टचा, आणि चकतीला त्यातला फरक कळत नाही. उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे) बोटांनी फिरवून बघा. दोन्ही मोकळे फिरतात तो कॉम्प्रेशनचा टॉप. एखादा ताणलेला असेल तर अजून एक पूर्ण फेरा.

पॉइंट उघडल्याचं बघायला तुमच्याकडे बल्बपेक्षा सोयीची वस्तू हेडलाइटच्या शेजारीच बसवलेली आहे. चावी ऑन करा, सगळे दिवे बंद. पॉइंट मिटलेले असताना ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. वडील किक मारण्याआधी काटा मध्ये आणून थांबायचे, आठवतं का? ते हेच बघत होते.

एक शंका राहते. किक परत मारते तेव्हा नेहमी टायमिंगच दोषी असतं असं नाही. ॲडव्हान्सच्या वजनांची स्प्रिंग ढिली पडली किंवा वजनं गंजून उघडीच अडकली, तर टायमिंग बरोबर लावूनही गाडी बंद असतानाच ॲडव्हान्समध्ये असते. कॅम बोटांनी फिरवून सोडा. तो आपोआप मागे यायला हवा, रेंगाळता किंवा अडकता कामा नये. कॅम मागे आलेला असतानाच पॉइंट लावा.

माझ्या स्प्लेंडरचं ‘टायमिंग सेटिंग’ म्हणून एका गॅरेजनं पैसे घेतले. पिकअपमध्ये काही फरक नाही. चकती आणून स्वतः करू का? — एक वाचक, लातूर

करू नका, कारण लावण्यासारखं काही नाहीच. तुमच्या गाडीत पॉइंट नाहीत. ठिणगीचा इशारा देणारी पल्सर कॉइल जागेवर पक्की आहे आणि ठिणगी कधी टाकायची ते सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबी, ठरवते. मॅग्नेटच्या कव्हरवरची छोटी टोपी उघडली की आत ‘टी’ आणि ‘एफ’ या खुणा दिसतात, त्या टायमिंग लाइटनं तपासता येतात, बदलता येत नाहीत. टायमिंग हललंच तर त्याला कारण असतं: मॅग्नेटला जागेवर धरणारी छोटी चावी कापली गेली. कॅम चेन दात सोडून बसली तर हलतं ते व्हॉल्व्हचं टायमिंग, ठिणगीचं नाही. पावतीवर नेमकं काय केलं ते लिहून मागा. पिकअपसाठी एअर फिल्टर आणि टॅपेट बघा, आधी तेवढंच.

आरएक्स १००चा सिलिंडर रीबोअर केला. सिलिंडरखालचं नवीन बेस पॅकिंग जुन्यापेक्षा जाड मिळालं. मित्र म्हणतो त्यानं पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) वर गेले, गाडी पळणार. खरं का? — एक वाचक, इचलकरंजी

भावा, मित्र अर्धं खरं बोलतोय. पॅकिंग जाड झालं की सिलिंडर तेवढा वर उचलला जातो आणि त्याबरोबर पोर्टही. किती, ते चकतीवर बघ. टॉप अडवणीनं काढ, सायलेन्सर उतरव, एक्झॉस्ट पोर्टमधून बॅटरीचा उजेड टाकून आत बघत क्रँक फिरव. पिस्टनची वरची कड पोर्टच्या वरच्या कडेला पहिली फट दाखवते तो आकडा लिही. मग पुढे फिरवत राहा, पोर्ट बंद होतो तो आकडा. दोन्हींमधला कोन म्हणजे एक्झॉस्ट उघडा असण्याचा काळ.

तुझ्या गाडीचा स्ट्रोक ५० मिलिमीटर, म्हणजे क्रँकपिन २५ वर. टॉपनंतर ९० अंशांच्या आसपास, जिथे एक्झॉस्ट उघडायच्या बेतात असतो, तिथे एका अंशाला पिस्टन सुमारे ०.४४ मिलिमीटर सरकतो. तुझं पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड असेल तर एक्झॉस्ट साधारण एक अंश आधी उघडला आणि एक अंश उशिरा मिटला, एकूण दोन-सव्वादोन अंश. त्यानं गाडी पळायला लागल्याचं तुझ्या मित्राशिवाय कुणाला जाणवणार नाही. उलट हेडही तेवढंच वर गेलं, जागा वाढली, कॉम्प्रेशन उतरलं. खालच्या आरपीएमला गाडी मेलेली वाटेल ती यामुळे. जुन्या जाडीचं पॅकिंग शोध, नाहीतर तेवढ्या जाडीच्या पॅकिंग शीटमधून कापून घे. तुमच्याकडे लूमवाल्यांच्या दुकानांत शीट मिळेलच. आणि पोर्टला फाइल लावायची असेल तर आधीचे आकडे लिहून ठेव. एकदा घासलेलं परत येत नाही.

डिग्री चकती कुठे मिळते आणि केवढी घ्यावी? — चार वाचकांनी विचारलं

जेवढी मोठी मावेल तेवढी. सगळ्यात स्वस्त म्हणजे घरातली बिनकामाची सीडी. तिचा व्यास १२० मिलिमीटर, म्हणजे परीघ ३७७. एका अंशाला एक मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त जागा मिळते, डोळ्याला पुरते. कोनांची वर्तुळं छापलेली मिळतात, ती कागदावर काढून चिकटवा. पण आधी पट्टीनं छापील वर्तुळ आडवं आणि उभं मोजा. प्रिंटर कधीकधी वर्तुळाचं अंडं करतो. चिकटवताना मध्य साधा. कागदाचा मध्य सीडीच्या मध्यापासून एक मिलिमीटर हलला तर कुठेतरी एक अंशाची चूक येणारच. कंपासपेटीतले दोन कोनमापक जोडून केलेली चकतीही एकानं दाखवली होती. दिसायला छान होती, जोडावर तीन अंश गायब होते.

माझी स्वतःची चकती ॲल्युमिनियमची आहे, आयटीआयतल्या मशिनिस्टच्या पोरांनी मिलिंगवर करून दिलेली. डिव्हायडिंग हेडचं (जॉब मोजून फिरवणाऱ्या उपकरणाचं) हँडल एक फेरा फिरवलं की जॉब नऊ अंश फिरतो. हँडलमागच्या प्लेटवरची अठरा भोकांची रांग घेतली की दोन भोकं म्हणजे एक अंश. ३६० वेळा दोन-दोन भोकं मोजायची, प्रत्येक वेळी रेघ. चहा आला तेव्हा पोरगं २१७ वर होतं. परत आल्यावर त्यानं एकदा तीन भोकं मोजली, म्हणून तिथून पुढच्या सगळ्या रेघा अर्धा अंश सरकलेल्या आहेत आणि ३५९ आणि शून्य यांच्यातली फट निम्मीच उरलीय. पोरगं दुसरी करून देतो म्हणत होतं, मीच नको म्हटलं. शून्याच्या त्या बाजूला शून्यापासून उलटं मोजायची वेळ आली की मी अर्धा अंश वजा करतो.